'शी सिंग्ज गुड' चूक, मग 'शी लुक्स गुड' बरोबर कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठी माध्यमातून शिकलात, स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. 'विशेषण नामाबद्दल सांगतं, क्रियाविशेषण क्रियापदाबद्दल' ही व्याख्या पाठ आहे, तरी इंग्रजी वाक्य समोर आलं की अ‍ॅडजेक्टिव्ह घ्यावं की अ‍ॅडव्हर्ब, इथे गाडी अडते. 'शी सिंग्ज गुड' चूक आणि 'शी लुक्स गुड' बरोबर, हे कसं? 'वर्क हार्ड' की 'वर्क हार्डली'? आणि 'द चिल्ड्रन स्टूड सायलेंट' म्हणायचं की 'सायलेंटली'?

व्याख्या बरोबरच आहे तुमची. तुम्हाला नडते ती मराठी, आणि तीही चांगली येते म्हणून. कसं ते सांगते.

सांगलीत मी संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. दुकानात काम करणारी मुलं येतात, पोरांचा अभ्यास घेता यावा म्हणून आया येतात, निवृत्त मंडळी येतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. 'पटकन'ला 'क्विकली', 'अचानक'ला 'सडनली', 'हळूहळू'ला 'स्लोली' हे दुसऱ्या आठवड्यात जमतं. घसरतात ते ठरावीक चार-पाच शब्दांवरच: गुड, बॅड, नाइस, ब्यूटिफुल. बरीच वर्षं मी लाल पेनाने 'गुड' खोडून वर 'वेल' लिहीत होते आणि पुढे जात होते. हेच शब्द का, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तो पाडला एका काकांनी.

काका पोस्टातून निवृत्त झालेले. नातू न्यू जर्सीत, दर रविवारी व्हिडिओ कॉल. एका रविवारी नातवाने शाळेतली काहीतरी हकीकत एकही इंग्रजी शब्द न घालता मराठीत सांगितली. काका खूश होऊन म्हणाले, 'यू स्पीक मराठी व्हेरी गुड!' नातू हसायला लागला, 'वेल, आजोबा, वेल!' काकांना वाटलं, पोरगं विहिरीचं काहीतरी विचारतंय. सोमवारी वर्गात आले ते तक्रार घेऊनच. "मॅडम, चांगलं म्हणजे गुडच ना? मग 'मराठी चांगलं बोलतोस' याला गुड का चालत नाही? मागच्या आठवड्यात तर तुम्हीच फळ्यावर 'यू स्पीक गुड इंग्लिश' लिहिलं होतं!"

लिहिलं होतं खरं. मग मी फळ्यावर दोन मराठी वाक्यं लिहिली. 'तिने चांगलं गाणं म्हटलं.' 'तिने गाणं चांगलं म्हटलं.' आणि विचारलं, फरक काय? फरक सगळ्यांना कळला, अगदी ज्यांना व्याकरणाचं नाव काढलं की घाम फुटतो त्यांनासुद्धा. पहिल्या वाक्यात गाणं चांगलं आहे, म्हणणारीचा आवाज फाटका का असेना. दुसऱ्यात गाणं टुकार असेल, पण म्हटलंय झकास. शब्द तेच चार, 'चांगलं' फक्त जागेवरून हललं. मराठीत एवढ्यावर भागतं. नामाच्या आधी बसलं की ते नामाचं, नाम ओलांडून क्रियापदाला चिकटलं की क्रियापदाचं.

इंग्रजीत एवढ्यावर भागत नाही. 'शी सँग अ गुड साँग', पण 'शी सँग द साँग वेल'. तिथे जागाही बदलायची आणि शब्दही. काकांनी जागा अचूक बदलली होती, 'मराठी'च्या पुढे 'व्हेरी गुड' नेऊन ठेवलं होतं. शब्द बदलायचा राहिला, कारण मराठीत तो बदलावा लागतच नाही. 'यू स्पीक व्हेरी गुड मराठी' म्हणाले असते तर नातू काही बोलला नसता. (आता एक गंमत. हे समजावल्यावर पुढच्याच आठवड्यात दोघीतिघी 'यू स्पीक वेल मराठी' म्हणायला लागल्या. 'वेल' नामाच्या आधी बसत नाही. एक दुरुस्ती केली की दुसरीकडून पाणी गळतं.)

मराठीचा हा सैलपणा आणखी खोल आहे. मुलगा चांगला खेळतो, मुलगी चांगली खेळते, पोरं चांगली खेळतात. इथे 'चांगला' क्रियेबद्दल सांगतोय, पण लिंग-वचन घेतोय कर्त्याचं. भाकरी चांगली भाज, वांगं चांगलं भाज, इथे कर्माचं. म्हणजे काम क्रियाविशेषणाचं आणि अंगावर कपडे विशेषणाचे. शाळेत आपल्याला 'क्रियाविशेषण अव्यय' असं नाव शिकवतात, अव्यय म्हणजे ज्याचं रूप बदलत नाही ते, आणि हा 'चांगला' तर डोळ्यांदेखत बदलतोय! दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने, तेव्हापासून शब्दांच्या आठ जातींचे डबे आपल्याकडे आहेत. माझं मत विचाराल तर 'चांगला' या डब्यांत नीट कधी बसलाच नाही. बाईंनी पण तो प्रश्न वर्गात टाळला, तुमच्या आणि माझ्याही.

म्हणूनच गाईडमधली ती युक्ती, 'क्रियापदाला कसा-कशी-कसं विचारा, उत्तर आलं की अ‍ॅडव्हर्ब', मराठी माणसाच्या फारशी कामाची नाही. मुलगी कशी आहे? चांगली. मुलगी कशी गाते? चांगली. प्रश्न तोच, उत्तरही तेच. त्यापेक्षा स्वतःला सरळ विचारा की चांगलं नेमकं काय आहे, ती की तिचं गाणं? 'शी सिंग्ज' मध्ये चांगलं आहे ते गाणं, ती क्रिया. बाई स्वभावाने खाष्ट असेल. म्हणून 'वेल'.

क्रियाविशेषण या नावाने आणखी एक गैरसमज होतो, तोही इथेच उरकून टाकते. अ‍ॅडव्हर्ब फक्त क्रियापदापाशी असतं असं नाही. ते विशेषणालाही लागतं, दुसऱ्या अ‍ॅडव्हर्बलाही लागतं, आणि 'फॉर्च्युनेटली' म्हणजे 'सुदैवाने' सारखं अख्ख्या वाक्यावरही बसतं. मराठीत 'भयंकर सर्दी' आणि 'भयंकर सुंदर' दोन्हीकडे भयंकर तोच. इंग्रजीत 'अ टेरिबल कोल्ड' म्हणजे भयंकर सर्दी, कारण तिथे 'कोल्ड' नाम आहे. 'टेरिबली कोल्ड' म्हणजे भयंकर गार, कारण तिथे 'कोल्ड' विशेषण आहे. डॉक्टरांना 'आय अ‍ॅम टेरिबली कोल्ड' सांगितलंत तर ते पंखा बंद करतील, औषध देणार नाहीत.

आता 'शी लुक्स गुड'. इथे मात्र मराठी आपल्या मदतीला धावून येते, आणि तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला सगळ्यात आवडला.

इंग्रजीत 'लुक' हे एकच क्रियापद दोन कामं करतं. मराठीत त्या दोन कामांना दोन वेगळी क्रियापदं आहेत: दिसणं आणि बघणं. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली. 'शी लुक्ड अँग्रिली अ‍ॅट मी' म्हणजे तिने रागाने माझ्याकडे बघितलं. दिसण्यात ती काही करत नाही. ती आहे तशी आहे, आपल्याला दिसते एवढंच. तिथे शब्द तिचं वर्णन करतो, म्हणून विशेषण. बघणं ही तिने केलेली क्रिया आहे, ती कशी केली ते सांगायचं, म्हणून क्रियाविशेषण.

अशी इंग्रजी क्रियापदं मोजकीच आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला मराठीत जोडी आहे. 'स्मेल' म्हणजे वास येणं किंवा वास घेणं. 'टेस्ट' म्हणजे चव लागणं किंवा चव घेणं. 'फील' म्हणजे वाटणं किंवा हाताने चाचपून बघणं. 'ग्रो' म्हणजे होणं किंवा वाढणं, 'टर्न' म्हणजे होणं किंवा वळणं. 'साउंड' म्हणजे ऐकायला वाटणं किंवा वाजवणं. मनात मराठी करून बघा. दिसणं, वाटणं, लागणं, वास येणं, होणं यांपैकी काही आलं तर पुढे अ‍ॅडजेक्टिव्ह. बघणं, घेणं, चाचपणं, वळणं असं काही हातापायांचं काम आलं तर अ‍ॅडव्हर्ब. 'द आमटी टेस्ट्स सॉल्टी', आमटी खारट लागते. 'शी टेस्टेड द आमटी केअरफुली', तिने आमटीची चव जपून घेतली, कारण मागच्या वेळी तोंड भाजलं होतं. 'द मिल्क टर्न्ड सावर', दूध नासलं. 'द बस टर्न्ड सडनली', बस अचानक वळली.

वर्गात मी हे तुपाच्या बरणीने शिकवते. घरून कढवलेलं तूप नेते, बरणी फिरवते. 'इट स्मेल्स गुड', वास छान येतोय. मग एखाद्याला सर्दी असतेच, तो नाक लावतो आणि मान हलवतो. 'ही स्मेल्स बॅडली.' त्याला वास नीट घेता येत नाहीये. हेच 'ही स्मेल्स बॅड' झालं तर बिचाऱ्याला आंघोळीला पाठवावं लागेल. एका 'ली'ने एवढा फरक पडतो. हे एकदा हसून झालं की पुन्हा कोणी चुकत नाही, निदान 'स्मेल' पुरतं तरी.

'फील'वर जरा थांबू. कोणाच्या घरी काही वाईट घडलं की आपले लोक 'आय फील व्हेरी बॅडली' असा मेसेज टाकतात. 'मला फार वाईट वाटतं' याचं सरळ इंग्रजी 'आय फील बॅड' आहे. वाटणं आलं, म्हणजे अ‍ॅडजेक्टिव्ह. 'बॅडली' घेतलं तर शब्दशः अर्थ होतो, मला हाताने नीट चाचपता येत नाही. अर्थात ही चूक फक्त आपली नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही सर्रास 'आय फील बॅडली' म्हणतात, कारण लहानपणी कोणीतरी 'क्रियापदापुढे ली लाव' असं दटावलेलं असतं. बोलताना कोणी अडवणार नाही. परीक्षेत 'बॅड'वर खूण करा. आणि 'आय अ‍ॅम वेल' मधला 'वेल' अ‍ॅडव्हर्ब नाही बरं, तिथे तो 'तब्येत बरी' या अर्थाचं विशेषण आहे. हा शब्द दोन्ही घरचा पाहुणा आहे.

'ली'बद्दल. 'ली' दिसला की अ‍ॅडव्हर्ब, या नियमावर डोळे मिटून विसंबू नका. फ्रेंडली, लव्हली, लोनली, कॉवर्डली, एल्डर्ली ही सगळी विशेषणं आहेत. याचं कारण हजारेक वर्षं जुनं आहे. जुन्या इंग्रजीत 'लिच' म्हणजे शरीर, आकार. ते नामाला जोडून विशेषण करत, म्हणजे 'मित्राच्या रूपाचा' तो फ्रेंडली. विशेषणापासून क्रियाविशेषण करायला शेवटी एक 'ए'कार लावत, म्हणून त्याचं रूप 'लिचे'. पुढे शब्दांची शेपटं झिजत गेली आणि लिच नि लिचे दोन्ही 'ली' होऊन बसले. म्हणून मित्रासारखं वागला याला 'फ्रेंडलीली' म्हणत नाहीत, 'इन अ फ्रेंडली वे' असा वळसा घालतात.

तो झिजलेला 'ए'कार तुमच्या 'हार्ड'च्या मुळाशीही आहे. जुन्या इंग्रजीत 'हार्ड' आणि 'फास्ट' या विशेषणांना नुसता 'ए'कार लावला की क्रियाविशेषण तयार व्हायचं. तो 'ए' गळून पडल्यावर दोन्ही रूपं एकसारखी दिसायला लागली. म्हणून 'अ फास्ट ट्रेन' आणि 'द ट्रेन रन्स फास्ट', दोन्हीकडे फास्टच. 'फास्टली' आजच्या इंग्रजीत नाही. तसंच 'हार्ड वर्क' म्हणजे कष्ट आणि 'वर्क हार्ड' म्हणजे कष्ट कर.

मग 'हार्डली' कुठून आलं? पूर्वी त्याचा अर्थ होता कष्टाने, मुश्किलीने. मुश्किलीने होतं ते जेमतेम होतं, आणि जेमतेमचं पुढे जवळजवळ नाहीच होतं. मराठीत 'कसंबसं' असंच घसरलंय की. 'कसेबसे दहा लोक आले' म्हणताना त्या लोकांनी यायला कष्ट घेतले असं आपल्याला म्हणायचं नसतं. आज 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो काम करतच नाही म्हटलं तरी चालेल.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. पहिल्या नोकरीच्या अर्जात, एका शाळेला, मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं, 'आय प्रॉमिस टू वर्क हार्डली.' मुख्याध्यापकांनी मुलाखतीत ते वाक्य दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "पगारही मग हार्डलीच देऊ का?" मला तेव्हा कळलंच नाही, मी 'येस सर' म्हणाले. नोकरी मिळाली, कशी ते अजून माहीत नाही.

याच जातीचे दुसरे: 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'आय केम लेटली' असं उशिराबद्दल कधीच लिहू नका. 'निअर' जवळ, 'निअरली' जवळजवळ. 'हाय' उंच, 'हायली' अत्यंत. 'शॉर्टली' म्हणजे थोड्याच वेळात. परीक्षेत या जोड्यांवर प्रश्न हमखास येतो, कारण काढणाऱ्याला सोपा आणि देणाऱ्याला फसवा.

घाटात 'गो स्लो' पाटी दिसते, ती बघून वर्गातलं कोणीतरी विचारतंच, 'मॅडम, स्लोली नको का?' दोन्ही चालतं. 'स्लो' क्रियाविशेषण म्हणून कित्येक शतकं वापरात आहे. त्याला नावं ठेवायला सुरुवात केली ती अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी. रॉबर्ट लाउथ नावाच्या इंग्रज धर्मगुरूने १७६२ मध्ये आपल्या व्याकरणात विशेषणं क्रियाविशेषणासारखी वापरणं अयोग्य ठरवलं, आणि पुढच्या पिढ्यांच्या शिक्षकांनी ते उचलून धरलं. बोलणाऱ्यांनी ऐकलं नाही, पाट्या रंगवणाऱ्यांनी तर मुळीच नाही. मला विचाराल तर वळणावर सहा अक्षरांच्या शब्दापेक्षा चार अक्षरांचा बरा. अ‍ॅपलच्या १९९७ च्या 'थिंक डिफरंट' या जाहिरातीवरही तेव्हा लोकांनी 'ली कुठे गेला' म्हणून नाकं मुरडली होती. मला तिथे अडचण दिसत नाही. वेगळ्या रीतीने विचार करा असं त्यांना सांगायचंच नव्हतं बहुतेक, 'थिंक बिग'सारखं काहीतरी वेगळं डोक्यात आणा असं होतं. पण हे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहू नका.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, 'द चिल्ड्रन स्टूड सायलेंट' की 'सायलेंटली'. दोन्ही बरोबर. 'सायलेंट' घेतलं तर मुलं गप्प होती आणि उभी होती. 'सायलेंटली' घेतलं तर उभं राहण्याची रीत सांगितली, आवाज न करता. 'ही डाइड यंग', 'शी केम होम टायर्ड' ही याच धाटणीची वाक्यं, तिथे क्रियापदानंतर येऊनही शब्द माणसाबद्दलच सांगतो. मराठीत आपण 'मुलं गप्प उभी राहिली' म्हणतो, आणि ते 'गप्प' मुलांचं की उभं राहण्याचं, हे मी गेला आठवडाभर ठरवतेय. काकांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, मुलं गप्प उभी होती ना? मग झालं."